स्मशानवाटेच्या पंचनाम्याची बखर

जी देवता कोणाच्या पदरचे मीठ खात नाही त्या सत्यदेवतेस आधी वंदन, मग लेखणीस हात. शके १९४१, विकारीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका मुलुखी वर्तमान घडले ते ऐसे. मुलुखाचे नाव लिहीत नाही, लिहिले तर शेजारचे मुलूख उगाच निर्धास्त होतील.

त्या मुलुखी वेशीबाहेर एक वस्ती होती, आणि स्मशानास सरळ डांबरी वाट देवळापुढून जात असता गावकरी मंडळी वस्तीची तिरडी अडवीत आणि म्हणत की, नाल्यातून न्या. त्या वस्तीत सत्यभामाबाई रणदिवे म्हणून सून होती. विद्यापीठी शोधकार्य करावे, कायद्याने दिलेले हक्क माणसांस खरोखर मिळतात की नाही याचे दाखले जमवावे, हा तिचा उद्योग. आदले वर्षी तिच्या सासऱ्यांची तिरडी नाल्यात घसरली आणि प्रेत चिखलात पडले, आणि तेव्हापासून सासू भागूबाईंनी एकच धोशा लाविला, "सत्ये, मला नाल्यातनं नेऊ नगंस गं बाय." मग यंदा म्हातारीने अंथरूण धरिले, अन्नपाणी तुटले, आणि सत्यभामाबाईंस घास गिळवेना, की म्हातारी आधी जाते की वाट आधी खुली होते.

मग बाईंनी पदर खोचला आणि सरकारी दफ्तरावर स्वारी केली. माहितीच्या अर्जांवर अर्ज डागिले. साहेब रजेवर आहेत, कपाटाची किल्ली सापडत नाही, उद्या या, ऐसे जबाब आले, आणि बाई उद्याही गेल्या व परवाही गेल्या, इतक्या की शिपाईदादा आपण होऊन खुर्ची पुसू लागले. अखेर कागद हाती आला की वाट सरकारी खर्चाने बांधिली असून सर्वांस खुली आहे. मग वस्तीच्या जबान्या जोडून अहवाल सिद्ध केला आणि जिल्ह्याचे हुजूर यांसी सादर केला. हुजूर बोलिले, "बाई, कागदी वाट खुलीच आहे. अडविले याचा पुरावा काय? गावकरी तर म्हणतात, आम्ही सारे भाऊभाऊ." आणि आज्ञा जाहली की, गावच्या पंचांनी वस्तीत जाऊन पंचनामा करावा, भेद न आढळल्यास प्रकरण कायमचे बंद. आता पंच कोण? तर तिरडी अडविणारे यशवंतराव सरदेशमुख आणि त्यांची भावकी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या म्हणावयाच्या. बाईंचे धाबे दणाणले.

नेमिले दिवशी पंचांची स्वारी वस्तीत दाखल जाहली. बाईंनी सतरंजी अंथरिली, तांब्याभांडे पुढे केले. यशवंतरावांनी तांब्याकडे पाहिलेच नाही, जीपगाडीतून घरची कळशी आणविली आणि पंच घटाघटा प्याले. मग वामनपंत कारकुनांकडून पहिले कलम लिहविले की, या गावी कोणताही भेद पाळला जात नाही. सह्या करणार इतक्यात यशवंतरावांच्या मनी शंका आली की, उद्या भावकीत कोणी उठून म्हणेल, वस्तीत बसले म्हणजे पाणीही प्याले असतील. सोयरिकीचे दिवस, लेक लग्नाची. ते बोलिले, "पंत, आणखी लिहा. पंचांनी वस्तीचे पाणी घेतले नाही, घरून आणिलेले घेतले." पंत चाचरले, "राव, हे लिहू?" राव कडाडले, "लिहा म्हणतो ना! कागद असलेला बरा."

बाई मुद्रा गरीब ठेवून बोलिल्या, "दादासाहेब, कारणही घाला की. नाहीतर लोक म्हणायचे, पंचांचं पोट बिघडलं होतं."

"बाई शहाणी आहे," ऐसे म्हणून रावांनी शब्द घालविले, "चालीप्रमाणे." आणि सर्वांनी झोकात सह्या ठोकिल्या. अहो, काय सांगावे! बाई आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

मग सुनावणीस हुजुरांनी पंचनामा वाचिला. पहिले कलम वाचून मान डोलविली, दुसरे वाचून चष्मा काढिला, पुसून पुन्हा वाचिले आणि विचारिले, "राव, ही सही आपलीच?" राव छाती काढून बोलिले, "अलबत!" मग हुजुरांनी दुसरे कलम मोठ्याने वाचून दाखविले, तेव्हा रावांस आपले बोलणे आपणासच ऐकू आले. तत्क्षणी हुकूम जाहला की, वाट अडवील त्याजवर फौजदारी.

बाईंनी घरी येऊन सासूच्या कानी वर्तमान घातले. भागूबाईंनी डोळे उघडिले, पुसिले, "खरं? माझ्या गळ्याची आण?" बाई म्हणाल्या, "खरं, आत्या." तेव्हा म्हातारी कोपरावर उठली आणि बोलिली, "मग काठी आण. मेल्यावर काय दिसतंय? जित्तेपणी चालून बघते." सून आवरीत असता ऐकेना. मग दोघी टेकत टेकत डांबरी वाटेने निघाल्या, आणि देवळाच्या ओट्यावर यशवंतराव बसले होते, त्यांनी मान फिरविली, परंतु उठले नाहीत. म्हातारी स्मशानाच्या फाटकापर्यंत गेली, फाटकास हात लाविला, धन्याचे नाव घेऊन घडीभर रडली, आणि नाक पुसून बोलिली, "चल माघारी. भूक लागली."

तात्पर्य, वाट वस्तीस लाधली, आणि हे लिहितेकाळी भागूबाई सुखरूप असून दोन भाकऱ्या खातात.