टबाचं पाणी वाढतंय

काकूंच्या गुडघ्यांसाठी मुलाने घेतलेल्या गरम पाण्याच्या टबाचा हीटर सोमवारी सकाळी बंद पडला, तेव्हा सून फोनकडे वळली आणि काका पान्याकडे.

"दुरुस्तीवाल्याला बोलावते, बाबा."

"कोण येईल ठाऊक आहे? माझ्या हाताखालचा. पाना कसा धरायचा ते मी शिकवलंय त्याला. एकतीस वर्षं हॉस्पिटलचा बॉयलर सांभाळला, आता या डबक्यापुढे हात टेकू?"

"अहो, डबकं काय म्हणता! मला बसायचंय त्यात," काकू म्हणाल्या.

सुनेने तरीही फोन केला. दुरुस्तीवाल्याला गुरुवारशिवाय सवड नव्हती.

काकांनी टबाची कडेची फळी उघडली, मान आत घातली आणि बराच वेळ नुसते हुंकार दिले. शेवटी गाळणी बाहेर आली. काकू गुडघ्यांना चोळतात ते तेल तिच्यावर थराने साचलं होतं. "पाणीच फिरत नाही, हीटर लागेल कशाला?" म्हणत त्यांनी ती घासून लख्ख केली, परत बसवली आणि बटण दाबलं. हीटरचा तांबडा दिवा लागला नाही. तिघं पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभी राहिली. दिवा मख्ख.

"लागेल," असं म्हणून काका हात धुवायला गेले. त्यांची ती पाठ काकूंना पाहवली नाही. निवृत्तीच्या दिवशी घरी आले तेव्हाही ती अशीच दिसली होती.

दुपारी काका लवंडल्यावर काकूंनी स्वयंपाकघरात बादलीभर पाणी तापवलं, गुपचूप मागच्या अंगणात नेलं आणि टबात ओतलं. संध्याकाळी टबात उतरून त्या म्हणाल्या, "अहो, गरम आहे की!"

"आहे ना?" काका म्हणाले, पण त्यांच्याकडे न बघता.

"वा, बाबा!" सून जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. एका बादलीत एवढा टब कसा तापतो याचं काकूंना नवल वाटलं. त्याचं श्रेय त्यांनी टबाच्या झाकणाला दिलं. ज्या गुडघ्यांना टबाची एक पायरी जड जात होती, ते भरली बादली घेऊन अंगण ओलांडत होते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. बुधवारी त्या टबात बसल्या तशी पाणी काठावरून थेट काकांच्या चपलांवर आलं.

"वजन वाढलंय तुझं," काका म्हणाले.

एरवी या वाक्यावर दोन दिवसांचा अबोला ठरलेला. काकू म्हणाल्या, "असेल."

गुरुवारी दुरुस्तीवाला आला. त्याचेही केस आता पिकले होते. त्याने इथे तिथे तपासलं. "हीटर ठणठणीत आहे. गाळणी कुणी साफ केली?"

"मी."

"मग झालं की, काका! सोमवारीच झालं तुमचं काम. गाळणी काढून बसवली की हे यंत्र पाव तास रुसतं आणि आपोआप चालू होतं. पाणी तापलं की दिवा विझतो." त्याने टबात डोकावलं. "पण हा इतका काठोकाठ कसा?"

सुनेने काकूंकडे पाहिलं, काकूंनी सुनेकडे. मग सून कुजबुजली, "आई, तुम्ही पण?"

"म्हणजे? तू कधी?"

"ऑफिसला जायच्या आधी. एकच बादली, हो!"

तेवढ्यात फळी बंद करायला वाकलेल्या दुरुस्तीवाल्याने टबामागून आणखी एक बादली ओढून काढली. जुनी, पोचे पडलेली. तिच्यावर तांबड्या रंगात लिहिलं होतं, 'बॉयलर रूम'. काका आभाळाकडे बघू लागले.

"सोमवारीच दुरुस्त झाला होता," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं."

"मलाही," काकू म्हणाल्या.

"मला पण," सून म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग मला कशाला बोलावलंत?"

"पाणी उपसायला," असं म्हणत काकांनी 'बॉयलर रूम' त्याच्या हातात दिली. "धर. कशी धरायची ते शिकवलंय ना तुला?"