दादारावांच्या सगळ्या कमल

पांढरकवड्याच्या कोर्टात दादारावांनी आजवर सात बायकांची नावं बदलली आणि सातही जणींचं नाव कमल ठेवलं.

यात काळंबेरं काही नाही. एचआयव्ही आहे म्हणून सासरच्यांनी, मालकानं किंवा गावानं छळलं आणि माणूस दाद मागायला आला, तर खरं नाव झाकून दुसऱ्या नावानं केस चालवायची परवानगी कोर्ट देतं. ती लागतेच, कारण पुकारा अख्ख्या व्हरांड्यात घुमतो आणि व्हरांड्यात निम्मा तालुका बसलेला असतो. दादाराव विधी सेवेचे, म्हणजे सरकारी मोफत वकिली मदतीचे, स्वयंसेवक. अशा बायकांना हुडकून कोर्टापर्यंत आणायचं काम त्यांचं, म्हणून दुसरं नाव सुचवायचा मानही तिथल्या वकीलबाईंनी त्यांनाच दिला होता. माझं टायपिंगचं टेबल कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आहे. त्यामुळे या साऱ्या कमल माझ्याच प्रिंटरमधून निघाल्या.

"दादाराव, जगात दुसरं नाव नाही का?" मी एकदा विचारलं.

"हायेत ना. पन आवाजात उठत नाहीत. कमल म्हनलं का शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जाते."

हे त्यांचं शास्त्र अनुभवाचं होतं. दादाराव एस.टी. स्टँडवर नियंत्रक होते, तीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले, पण माइक काही त्यांच्या गळ्यातून निघाला नाही. चहा सांगायचा तर "कृपया लक्ष द्या, दोन कट" असा सांगणार. केसची तारीख आली की "गाडी लागली", निकाल झाला की "गाडी सुटली", आणि समोरचा वकील आला नाही की "ब्रेकडाउन". पुतण्याच्या लग्नात त्यांनी वरात आल्याचं असं जाहीर केलं, की मांडवातले दोन म्हातारे पिशव्या उचलून उभे राहिले. लग्न स्वतः मात्र केलं नाही. का, ते कोणी विचारलं तर पुढच्या गाडीची वेळ सांगत.

सातवी कमल राळेगावकडची. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, अर्ज मीच टाइप केला, पण सांगणार नाही. नवरा वारल्यावर सासऱ्याला तिच्या गोळ्यांचा डबा सापडला. आधी तिचं ताट वेगळं झालं, मग अंथरूण कापसाच्या कोठीत गेलं आणि एके दिवशी ती वावरातून परत आली तर घराला आतून कडी. नऊ वर्षं ज्या चुलीवर सगळ्यांना रांधून घातलं त्या घरात आपल्याला राहू द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. सध्या ती इथंच पांढरकवड्यात मैत्रिणीच्या पडवीत निजत होती आणि तीही महिनाअखेरपर्यंतच.

पहिल्या तारखेला पट्टेवाल्यानं पुकारा केला. "कमल हाजिर है?" कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा केला, तरी नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला फाइल बाजूला पडणार, तेवढ्यात दारातून दादाराव गरजले, "हजर!"

न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कमल?"

"नाही साहेब. गाडी लागली हाये, प्रवासी बाकावरच बसून हाये."

अख्खं कोर्ट हसलं. साहेबही हसले असावेत, पण कामाची वेळ गेली आणि पुढच्या आठवड्याची तारीख पडली. बाई खरंच बाकावर होती, पहिल्या रांगेत, पदर सावरून.

"काहून उठली नाही वो?" वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"मले वाटलं दुसरी कोनी बाई हाये," ती म्हणाली. "मीच इकडंतिकडं पाहून राह्यली होती. म्हनलं, ह्या कमलवर काय बितली असन बिचारीवर!"

आठवडाभर मग आवारात रोज तालीम झाली. दादाराव सायकल स्टँडपाशी उभे राहून "कमल!" ओरडत आणि ती लिंबाखालून "हजर" म्हणे. दादाराव दमले की मी ओरडायचं. त्या गडबडीत एका शेतमोजणीच्या अर्जावर मी अर्जदाराचं नाव कमल मारोतराव असं छापलं. तो माणूस मिशांवर हात फिरवत बराच वेळ कागद वाचत होता.

चौथ्या दिवशीही ती निम्म्या वेळा चुकली. वकीलबाई वैतागल्या. "दादाराव, तिच्या लक्षात राहील असं नाव घेऊ. अर्ज देते बदलायचा."

"नाव बदलाचं नाही!"

ते इतक्या जोरात म्हणाले, की लिंबाच्या पारावरची माणसं वळली. मग ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी थट्टेत म्हणालो, "एवढं काय आहे हो त्या नावात?"

"माही बहीन होती," ते म्हणाले. आवाज माइकचा नव्हता. "तिलेबी हेच झालं, सासरच्यायनं काढून देलं. घरात घ्याचं नाही असं बापानं ठरवलं. म्याही हो म्हनलं. सकाळच्या गाडीनं आलती, दिवसभर स्टँडवर बसून होती, माह्या केबिनसमोर. माइक माह्या हातात होता. एकडाव नाव घेतलं असतं तं उठून आली असती. चारची वापसीची गाडी मीच पुकारली. ती चढली. मंग ती गेल्याचा निरोपच आला."

मला त्यांचा राग आला. वाईटही वाटलं. दोन्ही एकदम आलं, म्हणून मी नुसता प्रिंटरचा कागद सरळ करत राहिलो. नाव बदलायचा अर्ज वकीलबाईंनी दिला नाही.

पुढच्या तारखेला पहिल्याच पुकाऱ्याला ती उभी राहिली. केस संपेपर्यंत तिला घरात राहू द्यावं, कोणी बाहेर काढू नये, असा हुकूम झाला. दादाराव तिला पोचवायला निघाले आणि कागद वाचून दाखवायला मला बरोबर घेतलं. मी सासऱ्यासमोर हुकूम वाचला. म्हाताऱ्यानं कागद हातात घेऊन शिक्का पाहिला. मग दारातून बाजूला झाला. सासूनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, खिडकी उघडल्याचा आला. दादाराव अंगणातच उभे होते.

"भाऊ, बाहेर कायले उभे? घरात या ना," तिनं आतून हाक मारली.

त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्यापाशी गेले आणि तिथंच थांबले. तिनं परत हाक मारली. तरी पाय उचलेना, तेव्हा ती स्वतः बाहेर आली आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली.