चेन्नई पाच जेवणांवर

आमच्या मजल्यावरच्या बबनदादांना कुठल्याही गावाचं अंतर विचारा, उत्तर जेवणांत मिळतं. इंदूर दोन जेवणं. दिल्ली सहा. चेन्नई? "पाच जेवनं, आन् घाटात गर्दी लागली तर सा."

दादा मूळचे निघोज्याचे. चाकणहून नव्या कोऱ्या मोटारी भरलेला ट्रेलर देशभर हाकण्यात त्यांची हयात गेली. आता कंबर गेली, बायकोही गेली, आणि एकुलती एक लेक माधुरी चेन्नईच्या मोटार कंपनीत इंजिनिअर झाली. रहाटणीच्या फ्लॅटमध्ये दादा एकटेच.

धीर द्यायला आमची सोसायटी टपलेलीच असते. मीही एकदा म्हणालो, "अहो दादा, विमानानं पावणेदोन तास! मला हिंजवडीहून घरी यायला कधीकधी तेवढा वेळ लागतो."

दादा उसळले. "लोहगावच्या इमानतळाला जायाचा येळ कोन धरनार? तिथं रांगंत पट्टा सोडून हुबं ऱ्हायचा कोन धरनार? आन् वाटंत भाकर सोडाय लागत न्हाई, त्ये अंतर हाय व्हय?"

माधुरी फोनवर समजावायची, "पप्पा, मी जवळच आहे. सकाळी निघालात तर दुपारी माझ्याकडे जेवाल."

"म्हंजे शून्य जेवनं! असं गाव जगात न्हाई," म्हणून दादा फोन ठेवायचे.

दोन वर्षं हा हट्ट चालला. पण लेकही बापाचीच. "तुम्ही येत नसाल तर मी राजीनामा देऊन घरी येते," असं तिनं ठणकावलं आणि दादा वरमले. तिनंच तिकीट काढलं. विमानतळावर सोडायला मी गेलो, तर पिशवीत पाच जेवणांच्या भाकऱ्या आणि खर्डा.

"दादा, एवढं कशाला?"

"वर बिघाड झाला तर ढाबा हाय का तिथं?"

सोसायटीत आम्ही यावर मनसोक्त हसलो. म्हातारा एकदाचा हरला, असं आम्ही धरून चाललो होतो.

आठ दिवसांनी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर दादा स्वतःच्या दारासमोर उभे. पिशवी खाली, किल्ली हातात, दार बंद.

"काय दादा, आलात ना पावणेदोन तासांत?" मी डिवचलं. मला राहवलं नाही.

"आलो ना! त्येच तर वंगाळ झालं." दादा माझ्याकडे न बघताच बोलले. "दुपारी तिनं पुढ्यात बसवून वाढलं. हाताचा वास पन गेला न्हाई, आन् म्होरं ह्ये कुलूप. ट्रेलरवर असतो तर वाटंत जरा सावरलो असतो. लेकीपासनं उठायचं आन् एकदम हितं? मानसाला मधी रस्ता नगं व्हय?"

'अहो, जवळच तर आहे,' हे माझ्या ओठावर आलं होतं. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी फुकट वाटलेल्या त्या वाक्याची मला लाज वाटली. "लांब आहे चेन्नई, दादा," मी म्हणालो. "फार लांब आहे."

"हाय का न्हाई?" दादांचा आवाज एकदम चढला. डोळे भरले होते, पण मान ताठ. "दोन वरसं मी हेच बोंबलतोय! एक मानूस म्हनत न्हवता, राव."