तिसरा स्क्रीन कुठाय?

प्रेमराजनानांनी सुनेचा लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, चारी कडांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चारू, याची बाकीची भोकं कुठं गेली?"

"एवढीच आहेत नाना. दोन. त्यातलं एक चार्जिंगचं."

"लॅपटॉप शे का नागलीचा पापड?" स्वयंपाकघरातून सासूबाई नर्मदाअक्का म्हणाल्या. "फुंकर मारली तर उडी जाई."

चारुलता हसली नाही. ती पुण्यातल्या एका कंपनीत कामाला होती. रावेरकडची केळी थंड कंटेनरमध्ये भरून मुंबईच्या बंदराकडे निघाली की कोणता ट्रक कुठे पोचला आणि त्याच्या पोटात किती अंश गारवा आहे, यावर नजर ठेवायचं तिचं काम. ते ती जळगावात, पिंप्राळ्यातल्या घरी बसूनच करत होती. आता कंपनीने नवा नियम काढला होता. घरून काम करायचं तर तीन स्क्रीन हवेत. एकावर नकाशा, दुसऱ्यावर ड्रायव्हरांचे निरोप, तिसऱ्यावर तापमान. आज अकरा वाजता ऋतिका मॅडम व्हिडिओ कॉलवर ते तपासणार होत्या. तीन स्क्रीन दिसले तर जळगाव कायम. नाही तर पुढच्या महिन्यापासून पुणे.

पुणे म्हणजे चारुलता जाणार, तिच्या पदराला धरून तिची छोटी लेक भूमिका जाणार, आणि दीपनगरला नोकरी करणारा तिचा नवरा कुंदन सुट्टी आली की त्यांच्यामागे धावणार. मागे उरणार नाना, अक्का आणि भिंतीवरचं घड्याळ. नानांना हे मुळीच मान्य नव्हतं.

"तू निर्धास्त राहा," ते म्हणाले. "दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये उभी हयात गेली माझी. भिंतभर डायल सांभाळले. तीन म्हणजे काय!"

"आणि घरचा मिक्सर दुरुस्तीला मीच घेऊन जाते," अक्कांनी आतून पुस्ती जोडली.

कुंदनने कुठूनसा एक जुना मॉनिटर आणून ठेवला होता. त्याचा पाय मोडलेला होता. नानांनी गच्चीवरून बांबूच्या दोन कामट्या आणल्या आणि केळीच्या घडाला द्यावा तसा त्याला दोन्ही बाजूंनी टेकू दिला. लॅपटॉपच्या मोकळ्या भोकात चारुलताने एक लहानशी डबी खोचली. त्या डबीला आणखी चार भोकं होती. मॉनिटर जोडला आणि नकाशा झळकला.

"बघितलं?" नाना म्हणाले. "लॅपटॉप एक, मॉनिटर दोन, आता आपला टीव्ही तीन."

टीव्हीची वायर डबीत गेली. टीव्हीवरही नकाशा आला. हुबेहूब तोच. चारुलताने सगळ्या सेटिंग तपासल्या, पण मॉनिटरवर जे दिसे तेच टीव्हीवर. शेवटी तिने मोबाइलवर वाचून सांगितलं, "नाना, हा लॅपटॉप हलका आहे ना, म्हणून वायरने बाहेरचा एकच स्क्रीन वेगळा चालवतो. दुसरा लावला तर नक्कल करतो. पण टीव्ही वायरशिवाय जोडता येतो म्हणे."

"मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते यादीत. वायर काढून तिने टीव्ही शोधायला लावला, तर लॅपटॉपवर एकाच नावाचे टीव्ही एकाखाली एक उभे राहिले.

"हे कोण एवढे?"

नानांच्या लगेच लक्षात आलं, आणि त्यांना अभिमानच वाटला. दोन दिवाळ्यांपूर्वी अख्खी गल्ली टीव्ही घ्यायला धुळ्याला गेली होती. एकेकट्याने घेतला तर दुकानदार दबत नाही, सगळ्यांनी मिळून एकाच जातीचे घेतले तर दबतो, ही कल्पना नानांची. घासाघीसही त्यांनीच केली होती. तेव्हापासून गल्लीत घरोघरी तोच टीव्ही होता. तीच कंपनी, तेच माप, तेच नाव.

"पहिल्यापासून एकेक दाब," नाना म्हणाले. "आपला येईलच त्यात."

चारुलताने पहिलं नाव दाबलं. तिची टीव्हीकडे पाठ होती. टीव्हीवर पाटी आली: कुणीतरी जोडू पाहत आहे, परवानगी द्यायची? नानांनी चष्मा सावरला. फसवणुकीच्या बातम्या ते पेपरात रोज वाचत. अनोळखी माणसाला घरात घेणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांनी रिमोट उचलून ठामपणे 'नाही' दाबलं.

"नकार आला नाना. हा आपला नाही. कुणाच्या तरी घरी गेलं."

"शहाणी माणसं दिसतात," नाना म्हणाले.

दुसरं नाव दाबताच लॅपटॉपने जोडलं गेल्याचं सांगितलं. एकेका ट्रकच्या चित्रापुढे आकडा असलेला तापमानाचा तक्ता सरकून कुठेतरी गेला. त्यांचा टीव्ही मात्र काळाच. दोघं त्याच्याकडे बघत बसले. तेवढ्यात समोरच्या घरातून हिलालआबा धोतर सावरत आले. त्यांच्या सपनाला बघायला आज धुळ्याचे पाहुणे आले होते.

"नाना, माझ्या टीव्हीत ट्रकच ट्रक आलेत. तुमच्या सुनेचे का?"

"अरे देवा! आबा, माफ करा, लगेच काढते," चारुलता म्हणाली.

"काढू नको!" आबा जवळ येऊन हळूच म्हणाले. "पाहुणे विचारतात, एवढ्या गाड्या तुमच्या का? मी नाही बी म्हटलं नाही, हो बी म्हटलं नाही. त्यांचे पोहे होईस्तोवर राहू दे."

"आबा, आमच्या घराचा प्रश्न आहे," नाना म्हणाले.

"अन् आमच्या पोरीचा नाही?"

"पोरगी चांगली आहे तुमची. तिला ट्रकची गरज नाही. दाब गं चारू, पुढचा."

आबा तोंड पाडून परत गेले. चारुलताने पुढचं नाव दाबलं. पुन्हा जोडलं गेलं, पुन्हा टीव्ही काळा. मग लागून असलेल्या घराच्या खिडकीतून मंदाबाईंचा आवाज आला.

"वं चारू! मना टीव्हीमा हाई काय उनं? बठ्ठा आकडाच आकडा!"

"मंदाकाकू, तुम्ही काही दाबलं का?"

"काहीतरी इचारत होतं. मी ओके दाबं."

मंदाबाईंसमोर काहीही आलं की त्या ओकेच दाबत. त्यांच्याकडे पापड लाटायला बायका जमल्या होत्या, त्याही खिडकीशी आल्या. चारुलता पुढचं नाव दाबणार, तोच कॉल वाजला. मॅडम वेळेआधीच आल्या होत्या.

"नमस्कार चारुलता. सेटअप दाखवा जरा."

चारुलताने लॅपटॉप हातात धरून हळूहळू फिरवला. "हा लॅपटॉप. हा मॉनिटर."

"त्याला बांबू का लावलेत?"

"आमच्याकडे घडाला लावतात," नाना म्हणाले.

"बरं. आणि तिसरा स्क्रीन कुठाय?"

कॅमेऱ्यासमोर काळा टीव्ही होता. चारुलताचा चेहरा उतरला. नाना मात्र पुढे सरसावले. "चालू आहे मॅडम, शेजारी आहे. कंट्रोल रूमचे डायल काय सगळे एका खोलीत असतात?"

"शेजारी म्हणजे?"

"भिंतीपलीकडे."

मॅडमनी कपाळावर हात नेला. "चारुलता, हे असं चालणार नाही हो. तापमान तुम्हाला दिसायला हवं. मला वाटतं तुम्ही पुण्यालाच—"

"वं चारू!" खिडकीतून मंदाबाई ओरडल्या. "खालून दुसरा लाल व्हई गया!"

चारुलता ताडकन उठली. "किती दाखवतोय, काकू?"

"सतरा! आते अठरा! केयी पिकी जाई ना वं!"

तेरा-चौदाच्या वर गेलं की बंदरावर पोचेपर्यंत केळी पिकून माल गेलाच. खालून दुसरी गाडी पुनाभाऊंची. चारुलताने फोन लावला. "पुनाभाऊ, गाडी कुठे आहे?"

"मालेगावच्या पुढं, ताई. नाश्त्याला थांबलो."

"आधी गारव्याचं मशीन बघा. बंद पडलंय का?"

पलीकडे दार आपटल्याचा आवाज, मग शिवी, मग पुनाभाऊ. "बंदच पडलं होतं ताई! हे घ्या, सुरू केलं."

चारुलता फोन कानाला लावूनच खिडकीकडे वळली. खिडकीतून मंदाबाई आणि पापडवाल्या बायका एका सुरात आकडे सांगत होत्या. "सतरा!" मग थांबून, "सोळा!" आणि आकडा हिरवा होताच टाळ्या पडल्या. समोरच्या दारात धुळ्याचे पाहुणेसुद्धा पोह्यांची बशी घेऊन उभे होते.

ऋतिका मॅडमनी मागे वळून आपल्या ऑफिसात कुणाला तरी काहीतरी विचारलं. त्या पुन्हा कॅमेऱ्याकडे वळल्या.

"आमच्या इथे चार जण बसलेत. सगळ्यांसमोर तीन-तीन स्क्रीन आहेत. एकालाही हे दिसलं नाही." त्यांनी पेन उचललं. "चारुलता, तुम्ही जळगावलाच राहा. कायम. मी आजच लिहून पाठवते."

नानांनी विजयी मुद्रेने अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी भूमिकेला उचलून कडेवर घेतलं आणि तिचा पापा घेतला.

"पण नाना," मॅडम आवाज बारीक करून म्हणाल्या, "त्या शेजारच्या बाई पुण्याला येतील का? राहायची सोय कंपनी करेल."

नाना गडबडले. ते खिडकीशी गेले आणि त्यांनी निरोप सांगितला. पलीकडे थोडा वेळ नुसती कुजबुज झाली.

"मी काही येस नही!" मंदाबाई ठणकावून म्हणाल्या. "मी गऊ तर इठे ट्रक कोन दखी?"