खाजस ना? मंग बरं शे

आमच्या गल्लीतले नाना माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी दंड, मग मान, मग कानाची पाळी. 'कसा आहेस' वगैरे त्यांच्याकडे नसतंच. अंगावर काही दिसलं की एकच प्रश्न, "खाजस ना?" हो म्हटलं की नाना खूश. "मंग बरं शे."

घामोळ्यांनी जीव नकोसा झालेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, ते जळगावकरांनाच विचारा.

नानांची नोकरी कुष्ठरोगाच्या तपासणीत गेली, सातपुड्याच्या पायथ्याची गावं पायी फिरून. स्वतः निवृत्त झाले, डोळे झाले नाहीत. भाजी घेता घेता ते मला शिकवणार. पित्ताच्या गांधी उठतात नि मावळतात. नायटा कडेनं वाढतो, मधे साफ होत जातो. कोड दुधासारखं पांढरं. "आन जो फिका चट्टा खाजत नई, दुखत नई, कोनले तरास देत नई, त्याले भ्यावं." खात्रीसाठी खिशात मोरपीस. आपण डोळे मिटायचे, पीस लागलं की बोट वर करायचं. बोट हललं नाही, तर जागा बधिर.

पाचोऱ्याला एका लग्नात त्यांनी हळदीच्या पाटावरच नवरदेवाला डोळे मिटायला लावले. पाठीवर फिका डाग होता. पीस लागताच पोरानं बोट वर केलं, साधं शिबं निघालं. पण मुलीकडच्यांनी पीस पाहिलं होतं. पोरगा ठणठणीत आहे, असं नाना जितकं सांगत गेले तितका मांडवात संशय वाढत गेला. लग्न कसंबसं लागलं. त्यानंतर नानांना पत्रिका येईनाशा झाल्या, आणि ते दिसले की गल्लीत सगळ्यांच्या बाह्या खाली उतरतात.

त्यांच्या बायकोला, अक्कांना, याचं भारी हसू यायचं. रोज सकाळी ओट्यावर बसवून त्या नानांच्या पाठीला तेल चोळायच्या. "सारा गावनी कातडी देखतस," त्या मला म्हणायच्या, "यास्नी पाठ कोन देखी? मीच." अक्का गेल्या आणि तो ओटा माझ्याच्यानं बघवत नाही.

गेल्या रविवारी नाना घरी आले नि काही न बोलता शर्ट काढू लागले.

"दुपारले तपेल लोखंडी दारले टेकीसन बसनू व्हतू," ते म्हणाले. "सांजले शर्ट चिकटना, तवळ समजनं, फोड उना."

पाठीच्या मधोमध, स्वतःचा हात पोचणार नाही अशा जागी, फिका तांबूस चट्टा होता. त्यावर फुटलेला फोड.

"खाजस ना, नाना?" मी विचारलं. हो म्हणावं म्हणून देवाला हात जोडायचेच बाकी होते.

"नई."

त्यांनी मोरपीस माझ्या हातात दिलं, पाठ करून बसले, डोळे मिटले. मी चट्ट्यावर पीस फिरवलं. पुन्हा फिरवलं, जरा दाबून.

"भाऊ, कर ना सुरू," नाना म्हणाले.

दोनदा फिरवून झालंय, हे मला सांगावं लागलं.

"औषधानं बरं होतं, नाना," मी म्हणालो. त्यांचंच वाक्य, जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं.

"माले माहीत शे. पन तुनी अक्का ऱ्हाती तं वाटाण्याएवढा व्हता तवळच सापडता."

मी पीस खाली ठेवलं आणि चट्ट्याच्या बाजूला, धड कातडीवर, तळहात टेकवला.

नानांचं बोट वर गेलं. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा."