हेडफोन नव्या जिल्ह्याला, अँप्लिफायर जुन्या

पेटीत यादीप्रमाणे आठ वस्तू असायला हव्या होत्या. निवृत्ती सोनकांबळेनं त्या टेबलावर एका ओळीत मांडून दोनदा मोजल्या. जर्मन बनावटीचा हेडफोन एक, पितळी तबकडी एक, लांब वायरी दोन, चामडी पट्टा एक, माहितीपुस्तिका एक, पेटीची किल्ली एक. दोन्ही वेळा सातच भरल्या. आठव्या वस्तूच्या जागी मखमलीत एक चौकोनी खळगा होता.

"अँप्लिफायर कुठंय?" निवृत्तीनं विचारलं.

हेडक्लार्क शेषेरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जुन्या जिल्ह्याच्या स्टोअरला. वाटणीत तिकडं गेला."

लातूर वेगळा जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि पाणीपुरवठ्याच्या सामानाची वाटणी अजून संपली नव्हती. नळजोडणीच्या पान्यांपासून पाण्याच्या माठांपर्यंत सगळं निम्मं-निम्मं व्हावं असा हुकूम होता. जमिनीखालची पाइपगळती ऐकून शोधायचं हे यंत्र मात्र एकच होतं. तेव्हा स्टोअरकीपरनं अँप्लिफायर स्वतःकडे ठेवून उरलेली पेटी तालुक्याच्या या ऑफिसला पाठवून दिली. कुणावर अन्याय नको.

"पण अँप्लिफायरशिवाय हे चालणारच न्हाई. तबकडी जमिनीचा आवाज घेती, अँप्लिफायर तो मोठा करतो, हेडफोन कानाला देतो. मधलाच गेला तर?"

"आपण पत्र टाकलंय," शेषेराव म्हणाले. "तेबी म्हणून राहिले, हेडफोनशिवाय चालत न्हाई, तो परत करा."

निवृत्ती नांदेडच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बीएस्सी झालेला. तांत्रिक सहायक म्हणून लागून त्याला चार महिने झाले होते. ऑफिसात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'बीएस्सी'च म्हणत.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. गावाला एक दिवसाआड पाणी मिळे. वरच्या गल्लीची पाळी अकरा ते एकची. पण टाकीतून सुटलेलं पाणी वरच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याची करंगळीएवढी धारही उरत नव्हती; एक घागर भरायला अर्धा तास लागे. वाटेत कुठंतरी पाइप गळत होता. उपअभियंता साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "पुढच्या मंगळवारी मी येतोय. तोवर गळती सापडली तर ठीक. न्हाईतर वरच्या गल्लीची लाईन कायमची बंद. आठवड्याला एक टँकर, बस्स."

हे कळल्यापासून वरच्या गल्लीची गुणाबाई रोज ऑफिसात यायची. पायरीवर बसायची, पदरानं तोंड पुसायची, आणि निवृत्ती दिसला की सुरू.

"लेक आलीय बाळंतपणाला. आठ-पंधरा दिसावर आलंय. टँकरच्या मागं घागर घेऊन मी पळू, का तिच्याकडं बघू?"

"माय, शोधून राहिलो मी."

"डोस्क्याला टोपरं घालून?"

बुधवारी निवृत्तीनं भगवानराव मंडपवाल्यांचा अँप्लिफायर आणवला. तो हातगाडीवरून आला आणि व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर तबकडीच्या शेजारी बसला. साडेअकराला वायरी जोडून झाल्या. निवृत्तीनं हेडफोन चढवला, बटण दाबलं आणि दुसऱ्या क्षणी तो ओरबाडून काढला.

"काय झालं?" भगवानरावांनी विचारलं.

"सुई. कानात सुई घातल्यासारखं. नुसतं स्‌स्‌स्‌ करून राहिलंय."

"माझ्या मशीनला आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई. याच्यावर आख्खी वरात नाचती."

"वरातीला ऐकू कुठं येतं, भगवानराव? ट्रेबल कमी करा."

ट्रेबल म्हणजे आवाजातला वरचा, टोकदार भाग. भगवानरावांनी त्याचं बटण शून्यावर नेलं. सुई बोथट झाली, पण टोचायची थांबली नाही. मग शेषेरावांनी ऐकलं, शिपायानं ऐकलं, आणि सगळ्यांचं एकमत झालं की मशीन भिकार आहे. भगवानराव चहा न घेताच गेले.

संध्याकाळी निवृत्तीनं पुस्तिका वाचून काढली. हेडफोन सहाशे ओहमचा होता. मंडपाचा अँप्लिफायर आठ ओहमच्या कर्ण्यांसाठी बनवलेला.

"म्हणजे?" शेषेरावांनी विचारलं.

"म्हणजे देवणी बैलाशेजारी गोऱ्हा जुंपल्यासारखं. दोघंबी चांगले, पण जोडी जमत न्हाई. मग नांगर उड्या मारतो."

"मग गोऱ्ह्याला काय करायचं?"

"जोडीचा बैल शोधायचा."

गुरुवार लातूरला जाऊन हा फरक भरून काढणारे रेझिस्टन्स आणण्यात आणि ते डाग देऊन बसवण्यात गेला. शुक्रवारी साडेअकराला शेषेरावांच्या मेहुण्यानं अरबस्तानातून आणलेला टेपरेकॉर्डर आला. हा नाजूक, चकचकीत, सगळा ट्रान्झिस्टरचा. निवृत्तीनं श्वास रोखून हेडफोन चढवला.

"कसा?" शेषेरावांनी मोठ्या आशेनं विचारलं.

"सुई स्वच्छ झाली."

"म्हणजे चांगलं?"

"न्हाई. आता जास्तच लागती."

शेषेरावांना ते मनाला लागलं. उतारा म्हणून ते मागच्या परसात गेले आणि स्वतः लावलेल्या केळींना गोंजारून आले. गावातल्या बाभळीसुद्धा वाळल्या होत्या, पण ऑफिसच्या मागच्या सहा केळी अंगानं भरल्या होत्या, घड लोंबत होते. कुणी विचारलं तर शेषेराव म्हणत, "हाताचा गुण लागतो. मी फक्त हात धुतलेलं पाणी घालतो." मग पाहुण्याला दोन केळी देत.

निवृत्तीनं वहीत लिहिलं: बुधवार, मंडप, टोचतो. शुक्रवार, टेप, जास्त टोचतो. खाली अधोरेखित केलं: ट्रान्झिस्टरचा दोष. व्हॉल्व्ह पाहिजे. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर जुना, तापणारा, पण आवाज मऊ देतो असं त्याच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं.

असा अँप्लिफायर कंधारला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे होता. व्यंकटी त्याचं नाव. शनिवारी निवृत्ती दोन एसट्या बदलून तिथं पोचला. व्यंकटीनं आधी चहा पाजला, मग फडक्याखालचा अँप्लिफायर दाखवला.

"टाकीजचा हाय. तापला की वर पापड भाजा. पण आवाज असा, की भांडखोर माणूस बोलला तरी वाटावं, जेवायला बोलवून राहिला."

"स्‌स्‌स्‌ अशी हिस्स येती का?"

"ह्याच्यातून? काय बोलता साहेब! जिम्मा माझा."

रविवारी पहाटेच्या एसटीनं निवृत्ती परतला. चौदा किलोचं ते धूड मांडीवर होतं. सुट्टी असूनही शिपायाकडून ऑफिस उघडून घेतलं. व्हॉल्व्ह केशरी पेटले. सव्वाअकराला त्यानं हेडफोन चढवला आणि पाच मिनिटं हलला नाही.

"साहेब?" शिपायानं विचारलं.

"मऊ झालाय."

"व्वा!"

"पण तोच हाय. आधी सुई होती, आता लोकर गुंडाळलेली सुई हाय."

तरी अंतर थोडंच उरलंय असं त्याला वाटलं. पुस्तिकेत शेवटच्या पानावर जोडणीच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचा एक आकडा दिला होता. रविवारची दुपार आणि संध्याकाळ त्यानं खोलीवर बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत घालवली. अकराशे चाळीस वेढे झाले. मध्ये घरमालकीण कावेरीबाई काहीतरी विचारायला आली. तो आकडा विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

सोमवारी साडेअकराला नवा ट्रान्सफॉर्मर जोडून त्यानं बटण दाबलं आणि त्याचा चेहरा बदलला. सुई नव्हती. काहीच नव्हतं. फक्त खोल, मखमली शांतता. तिच्यात दूरवर बैलगाडीचं चाक लागत होतं. शिपाई अनवाणी चालत आला तर त्याची टाच न् टाच ऐकू येत होती.

"शेषेराव, या! ऐका!"

शेषेरावांनी ऐकलं. मग डोळे मिटून पुन्हा ऐकलं. "आईशप्पत, बीएस्सी! मुंग्या चालल्यात का काय?"

ऑफिसातल्या पाचही जणांनी पाळीपाळीनं ऐकलं. केळी वाटली गेली. शेषेरावांनी लगेच साहेबांना चिठ्ठी धाडली: 'आवाज पूर्णपणे गोड झाला आहे. उद्या प्रात्यक्षिक.' पायरीवरच्या गुणाबाईलाही निवृत्तीनं हेडफोन लावला.

"काय ऐकू येतं, माय?"

"कायबी न्हाई."

"तेच तर!"

गुणाबाईनं हेडफोन उतरवून त्याच्या हातात दिला. "लेकरा, तुला पाणी ऐकायचंय ना? मग कायबी ऐकू न आल्याचं पेढं कशाला वाटून राहिलास?"

"केळी आहेत, माय."

"तेच ते."

मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी साहेबांची जीप आली. निवृत्तीनं धुतलेला शर्ट घातला होता. अँप्लिफायर पुसून ठेवला होता. एकही वायर हलवलेली नव्हती, एकही बटण फिरवलेलं नव्हतं. साहेबांनी हेडफोन चढवला आणि झटक्यात उतरवला.

"हे गोड?"

निवृत्तीनं कानाला लावला. सुई परत आली होती. लोकर गुंडाळलेली, पण तीच. त्यानं ट्रान्सफॉर्मर काढला, घातला, व्हॉल्व्ह हलवले, त्यात बोट भाजलं. स्‌स्‌स्‌.

"काल तर साहेब, मुंग्या..." शेषेरावांनी सुरुवात केली.

"मुंग्या राहू द्या. आठ दिवस झाले. नुसता आवाज गोड करत बसलात तुम्ही. गळती कुठंय?" साहेबांनी वॉलमनला हाक मारली. पाइपाच्या चाव्या उघडायचं काम देगलूरकडच्या शंकरप्पाकडे होतं. "शंकरप्पा, जा. वरच्या गल्लीची चावी बंद कर. आत्ताच्या आत्ता. उद्यापासून टँकर."

"अय्यय्यो," शंकरप्पा म्हणाला, आणि गुणाबाईकडे न बघता पाना घेऊन निघाला.

गुणाबाई पायरीवरून उठली. ती ओरडली नाही, हे निवृत्तीला जास्त लागलं. "साहेब, माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या तर मी टँकरला थांबा म्हणू, का लेकीला?"

साहेब जीपकडे वळले. हेडफोन अजून निवृत्तीच्या कानावर होता आणि आत काहीतरी होत होतं. सुई बारीक झाली. आणखी बारीक झाली. मग गेली. बैलगाडीचं चाक ऐकू आलं.

"साहेब, गोड झाला!"

"काय केलंस?"

"कायबी न्हाई." तो उभा राहिला. "म्हणजे मी कायबी न्हाई. तुम्ही केलं. शंकरप्पा! चावी उघड!"

ऐंशी पावलांवरच्या चावीच्या खड्ड्यातून शंकरप्पाचं डोकं वर आलं. "साहेब म्हणले बंद कर, तुमी म्हणता उघड. मी काय करू?"

"उघड," साहेब म्हणाले.

स्‌स्‌स्‌.

"बंद."

शांतता.

"उघड!"

"तुमचं ठरलं की मला सांगा," खड्ड्यातून आवाज आला. "माझ्या खांद्याला कळ लागली."

निवृत्तीनं वही काढली. बुधवार, शुक्रवार, रविवार, मंगळवार. चारी दिवस वरच्या गल्लीच्या पाण्याचे, चारी वेळा अकरा ते एकच्या आतल्या. गोड वार एकच, सोमवार, पाण्याचा खाडा. आठ दिवसांत त्यानं तीन अँप्लिफायर, नऊ रेझिस्टन्स आणि एक ट्रान्सफॉर्मर बदलला होता. फरशीवरची तबकडी मात्र एकदाही उचलली नव्हती.

त्यानं ती उचलली. चार पावलं मागच्या दाराकडे नेली. सुई वाढली. दाराबाहेर ठेवली. आणखी वाढली. केळींच्या मधोमध ठेवली, तेव्हा हेडफोन त्याच्या गळ्यात होता तरी व्हरांड्यातल्या साहेबांपर्यंत आवाज आला.

"इथं खणा," तो म्हणाला.

शेषेराव धावत आले. "बीएस्सी, जरा डावीकडं घ्या. न्हाईतर उजवीकडं. तिथं घडाची केळ हाय!"

"आवाज तिच्याखालीच हाय, शेषेराव."

"आवाजाला काय, आवाज कुठंबी येतो!"

पहिल्या दोन फुटांत चिखल लागला. तिसऱ्या फुटाला शंकरप्पाची पहार पाइपाला लागली आणि पाणी कारंज्यासारखं उडून शेषेरावांच्या चष्म्यावर गेलं. पाइपाच्या जोडातलं शिसं सुटलं होतं, आणि त्या फटीत केळीची मुळं वेणीसारखी आत शिरली होती.

गुणाबाई खड्ड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. केळी मोजल्या, घड मोजले, मग शेषेरावांकडे वळली.

"हात धुतलेलं पाणी म्हणं! दोन वरसं आमची गल्ली हात धुवून राहिली व्हय तुमचे?"

"गुणाबाई, मला काय ठाऊक?"

"एक घड माझ्या लेकीला धाडा. तिचाच हाय तो."

साहेबांनी हसू रुमालात घेतलं आणि लाईन बंद करायचा हुकूम मागे घेतला. शंकरप्पानं संध्याकाळपर्यंत मुळं कापली, जोडात शिसं ओतून ठोकलं. शेषेरावांनी कागद ओढला आणि जुन्या जिल्ह्याला पत्र लिहिलं की अँप्लिफायरची आता गरज नाही. मग थोडं थांबून त्यांनी खाली जोडलं की केळीची सहा रोपं मात्र कुणाला हवी असतील तर वाटणीत देता येतील.

गुरुवारी वरच्या गल्लीची पाळी होती. अकरा वाजता शंकरप्पानं चावी उघडली. निवृत्ती हातात घड्याळ घेऊन गुणाबाईच्या अंगणात उभा होता. लेक उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. नळातून आधी हवा आली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. गुणाबाईनं घागर खाली सरकवली.

चौदा लिटरची घागर एक मिनिट पन्नास सेकंदांत भरली.