टर्बाइनच्या तीन तारा

एखादी गोष्ट माझ्या डोक्यात बसली की मी ती करूनच दाखवतो. त्या दिवशीही छाती पुढे काढून मी जाहीर केलं, "बाबा, रविवारपासून तुमचं ग्लायडर आपलं आपण वर चढेल. ती दोरी आता अडगळीत टाका!"

बाबा म्हणजे माझे सासरे. माझ्या लग्नाआधी सहा वर्षं खपून त्यांनी चार मीटर पंखांचं, रिमोटवर चालणारं ग्लायडर बनवलं. त्याला इंजिन नाही. म्हणजे लग्न झाल्यापासून आठ वर्षं इंजिन मीच! दर रविवारी दोरीचं टोक धरून मी मैदानभर ऊर फुटेस्तोवर पळतो, ग्लायडर पतंगासारखं वर चढतं आणि रिमोट बाबांच्या हातात. मला तो एकदाही मिळालेला नाही. मागे एकदा मागितला, तर म्हणाले, "तुम्ही पळता फार छान." ग्लायडरला पुढे ढकलणारी टर्बाइन बसली की मी मोकळा, आणि मोकळ्या माणसाला रिमोट द्यावाच लागणार, असा माझा सरळ बेत होता.

बाबांनी दोन दिवस विचार केला. मग करवत स्वतः माझ्या हातात दिली आणि मी ग्लायडरच्या पाठीला भोक पाडेपर्यंत दुसऱ्या खोलीत दार लावून बसले. शुक्रवारी काम पूर्ण. बटण दाबलं की पाठीवरचं झाकण उघडायचं आणि विजेवर चालणारी, पेल्याएवढी टर्बाइन ऐटीत वर यायची. इतकं देखणं काम मी जन्मात केलेलं नाही. बायकोला मी ते चौदा वेळा दाखवलं.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चाचणी. टर्बाइन वर आली, मी वेग वाढवला आणि ग्लायडर निघालं मागे! मागच्या खिडकीचा पडदा त्याने ओढून घेतला, पडद्याबरोबर दांडी खाली आली, आणि पुढे उभ्या बायकोच्या तोंडावर असा झोत बसला की तिची वेणी सुटली. कोचावरचे बाबा एवढंच म्हणाले, "आवाज चांगला आहे."

चूक मला लगेच कळली. मोटरला तीन तारा असतात. त्यातल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. पण कबूल कोण करणार? दुपारी सगळे पहुडल्यावर मी गुपचूप दोन तारा बदलल्या आणि शीळ घालत बाहेर आलो. पुन्हा चाचणी घेतली नाही. घेतली असती तर पडद्याचा विषय निघाला असता.

रविवारी मैदानावर मी छोटंसं भाषणच ठोकलं. आमच्या मॉडेल-विमान क्लबचे अध्यक्ष ग्लायडरच्या मागे, घडीच्या खुर्चीत निवांत बसले होते. बाबांनी वेग दिला. ग्लायडर एक पंख गवतात घासत सुसाट मागे आलं आणि अध्यक्ष खुर्चीसकट आडवे!

हे कसं झालं? तारा मी स्वतःच्या हाताने बदलल्या होत्या! मी धावत जाऊन अध्यक्षांना उठवलं, त्यांचा चष्मा शोधून दिला. परत आलो तर बाबा पाणी प्यायला गाडीकडे गेलेले. संधी साधून मी पुन्हा दोन तारा बदलल्या. अध्यक्ष यावेळी शहाणपणाने पुढच्या बाजूला जाऊन बसले.

ग्लायडर पुन्हा मागे! मागे बायको उभी होती. तिने शेपटी हातात पकडली, म्हणून निभावलं.

"काल तारा कुणी बदलल्या?" तिने विचारलं.

"मी," मी आणि बाबा एकदम म्हणालो.

बाबा खाली बघत पुटपुटले, "जावयाला तोंडावर चूक कशी दाखवायची? म्हणून संध्याकाळी हळूच..."

"आणि आत्ता?"

"मी," पुन्हा दोघेही. मी अध्यक्षांचा चष्मा शोधत असताना बाबांनी आपलं काम उरकलं होतं.

"दोघंही दहा पावलं मागे व्हा," बायको म्हणाली. आम्ही झालो. तिने झाकण उघडलं, दोन तारा बदलल्या, हात झटकले आणि अध्यक्षांना समोरून हटवलं.

आणि ग्लायडर उडालं! कुणी न पळता, झाडांच्या वर, ढगांकडे! मी लहान मुलासारखा उड्या मारत होतो. बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी रिमोट पुढे केला. मी दोन्ही हात पसरले. रिमोट माझ्या नाकासमोरून बायकोकडे गेला.

"जिने तारा नीट लावल्या, तिने उडवावं," बाबा म्हणाले. तिने दोन झकास घिरट्या घेतल्या आणि ग्लायडर अलगद उतरवलं. बॅटरी संपली होती.

"जावईबापू, टर्बाइन उत्तम आहे," बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "पण चारच मिनिटं चालते. आणि दिवस अजून बराच आहे."

त्यांनी गाडीची डिकी उघडली. आत दोरी होती, आणि तिच्या टोकाला नवी कोरी लाकडी मूठ. मी भोक पाडत होतो तेव्हा दुसऱ्या खोलीत बसून त्यांनी ती घडवली होती.

मूठ माझ्या हाताच्या अगदी मापाची होती.